घड्याळ स्टॉप, एक फुल एक हाफ

खानापूर डेपोत एकोणतीस वर्षं घंटीची दोरी ओढली मी.
गावांची नावं देव ठेवतो म्हणतात, नाहीतर राजा,
नाहीतर मोजणीवाला.
मधल्या थांब्यांची मात्र
कंडक्टरच्या तोंडून पडतात,
सुट्टे हुडकता हुडकता.

हुणसीमर घ्या.
हुणसी म्हणजे चिंच, मर म्हणजे झाड,
कन्नडात एवढंच आहे ते.
पण जांबोटीच्या बाजूची एक मासळीवाली
'मर' ऐकलं की पायरीवर थबकायची :
"उतरताना असलं काय बोलतोस रे मर्दा?"
मग तिच्यापुरतं मी ओरडायचो, चिंच, चिंच!
पुढं तिची पोरंही चिंचच म्हणू लागली.
रस्ता रुंद करताना झाड गेलं.
आता दोन्ही नावांची माणसं
एकाच खड्ड्यात उतरतात.

त्याच्या पुढं दोड्डव्वाचं मापटं.
कोण दोड्डव्वा, ठाऊक नाही.
भात मोजताना कमी भरलं, भांडण झालं, असं म्हणतात.
एक मास्तर म्हणाले, खुळ्यांनो, मापटं नव्हे ते,
मूळ शब्द जुना आहे, शिलालेखातला असणार.
मी त्यांना तिकीट दिलं.
मागच्या सीटवरनं कुणीतरी पुटपुटलं,
ह्यांच्याच आज्यानं भरलं होतं कमी.

आणि मग सांतान बारदेस्कर.
जंगलातनं पायवाट जिथं डांबराला लागते
तिथं तो उभा असायचा, दर मंगळवारी,
टॉवेलात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ
लेकरासारखं खांद्याशी धरून.
बेळगावात खडेबाजारला दुरुस्तीला न्यायचा.
दुरुस्त व्हायचं, परत यायचं, परत बंद.
"चाललं तर हाफ तिकीट," मी म्हणायचो,
"बंद असलं तर सामान."
तो मनापासून विचार करायचा.
कधी भर वळणावर, दुपारचे चार असताना,
टॉवेलातनं अकरा ठोके पडायचे.
सगळी गाडी मोजायची, ड्रायव्हर धरून.
तेवढ्यावर त्या जागेचं नाव पडलं, घड्याळ.
तिथं घर नाही, टपरी नाही,
आकडा पुसलेला मैलाचा दगड आहे एक.

सांतान गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी मशीन आलं.
धारवाडकडचा शरणबसू वही घेऊन बसला :
स्टेज सात, हेसरू? नाव काय?
घड्याळ, म्हटलं.
त्यानं कन्नडात घातलं : गडियार. बरोबरच की.
मशीनला काय झालं देव जाणे,
मध्ये फट पडली.
तिकिटावर आलं, गडि यार.

अंगणवाडीच्या शिवलीला बाईंनी वाचलं मोठ्यानं
आणि जीभ चावली.
गडि म्हणजे सीमा. यार म्हणजे कुणाची.
त्याच आठवड्यात दोन्हीकडच्या गाड्यांना काळं फासलेलं;
आमच्या मागच्या काचेवर अजून ओघळ होते.
कुणी कुणाकडं बघेना.
हातातला चिटोरा प्रत्येकाला विचारत होता
आणि पैसे तर देऊन झाले होते.

तेव्हा टपावर फणस चढवून आलेला परशा काकतकर
माझ्याकडनं तिकीट घेऊन, एकेक अक्षर लावत म्हणाला :
"गडी... यार...
आयला, दोन्ही आपलीच माणसं की!"
बाई आधी हसल्या.
मग गाडीनं गिअर बदलला.

रिटायर झाल्यावर परवा त्याच गाडीत बसलो, पहिल्यांदा तिकीट काढून.
नवा पोरगा, डोक्याला जेल.
घड्याळ म्हटल्यावर यादी खालीवर करत राहिला.
"काका, स्टेज सात?"
हो म्हटलं.
तिकिटावर आता दुरुस्त केलंय, जोडून छापलंय.
ती फट नखानं शोधत बसलो
दगड येईपर्यंत.

गाडी थांबली. पोरगा दारातनं ओरडला,
"घड्याळ! यार इळीतीर्री?"
कोण उतरणार, विचारत होता.
दगडापाशी कुणीच नव्हतं.
मी दांडी धरून उठलो.